पहिल्या जागेचा मान

शी सिंग्ज. शी डझन्ट सिंग.

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ही दोन वाक्यं नवी नाहीत. 2000 सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून आली. त्याआधीच्या पिढ्यांशी तिची गाठ पाचवीत पडायची. कधीही पडो, नियम तोच. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला की साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लावायचा, आणि नकार करताना डझ नॉट घालून क्रियापद मूळ रूपात ठेवायचं. नियम पाठ होतो, परीक्षेत गुणही मिळतात, आणि तरीही पुढे कितीतरी वर्षं बोलण्याच्या ओघात ‘शी डझन्ट सिंग्ज’ निघून जातं. शिक्षक त्या शेवटच्या एसभोवती लाल गोल करतात. तो योग्यच आहे. पण तिथे एस का चालत नाही हे समजावायला तासाला वेळ उरत नाही, आणि त्या ‘का’मध्येच इंग्रजी व्याकरणातली सगळ्यांत देखणी गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून पाहावीत. पहिल्यात सिंग्ज आहे, म्हणजे सिंग अधिक एस. दुसऱ्यात डझन्ट आणि सिंग. डझन्ट म्हणजे डू अधिक एस अधिक नॉट. आता एसचा हिशेब लावा. वरच्या वाक्यात एक, खालच्यातही एकच. तो गळला नाही, नवा आला नाही. सिंगवरून उठला आणि डूवर जाऊन बसला. इंग्रजी वाक्यात काळाची आणि पुरुषाची खूण एकदाच उमटते, आणि ती क्रियापदांच्या रांगेत जे पहिलं असेल त्याच्यावर उमटते. रांगेत एकटं सिंग असेल तर त्याच्यावर, आणि डू पुढे येऊन उभं राहिलं तर त्याच्यावर. ‘शी डझन्ट सिंग्ज’मध्ये खूण दोनदा पडली, एवढीच त्यातली चूक.

भूतकाळात हेच आणखी सुंदर दिसतं. शी सँग, शी डिडन्ट सिंग. सिंगचा भूतकाळ प्रत्यय लावून होत नाही, पोटातला स्वर बदलून होतो: सिंग, सँग, संग. नकारात डू आलं आणि भूतकाळ त्याने अंगावर घेतला, डूचं डिड झालं; त्याबरोबर सँगमधला स्वर मुकाट्याने पूर्वपदावर आला. शब्दाच्या आत, हाडीमांसी मुरलेला काळसुद्धा काढून दुसऱ्याच्या हवाली करता येतो, इतकी ही व्यवस्था पक्की आहे. ‘डिडन्ट वेन्ट’ कानाला खटकतं ते यामुळे. वेन्ट आणि गो यांच्यात तर एकही ध्वनी समान नाही, तरीही डिड आलं की वेन्टला जागा सोडावीच लागते.

आधी या एसकडेच नीट कान देऊ. लिहिताना तो एकच, पण उच्चार तीन. हिट्समध्ये तो स आहे. सिंग्जमध्ये ‘जागा’तल्या ज च्या जवळ जाणारा, कंप असलेला. वॉचिझमध्ये त्याच्याआधी एक छोटा स्वर घुसतो. कुठे कोणता, हे ठरतं आधीच्या ध्वनीवरून. त, प, क असा अघोष ध्वनी असेल तर एसही अघोष. ग, ड, ब असा घोष किंवा स्वर असेल तर एसही घोष. आणि स, श, च असा त्याच्याच जातीचा ध्वनी असेल तर दोघे एकमेकांना चिकटून ऐकू येईनासे होतील म्हणून मध्ये इ. ज्यांनी शाळेत जगत् अधिक ईश म्हणजे जगदीश हा संधी सोडवला आहे, त्यांना या घोष-अघोषाच्या खेळाची ओळख करून द्यायला नको. फरक दिशेचा आहे. जगदीशमध्ये पुढच्या ध्वनीमुळे मागचा बदलतो, सिंग्जमध्ये मागच्यामुळे पुढचा.

आणि गंमत अशी, की अनेकवचनाचा एस आणि मालकी दाखवणारा एस हेही अगदी याच तीन रूपांत येतात. कॅट्स, डॉग्ज, हॉर्सिझ. तीन वेगळी कामं, तीन वेगळे प्रत्यय, पण ध्वनीचा कायदा एक. 1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक स्त्रीने चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ‘वग’ असं सांगितलं, मग तसे दोन पक्षी दाखवून विचारलं, हे काय? मुलं म्हणाली, वग्झ. हा शब्द त्यांनी पूर्वी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, कारण तो अस्तित्वातच नव्हता. तरी ग नंतर घोष एसच लागतो हे त्यांना येत होतं. आपण ज्याला मूलभूत व्याकरण म्हणतो ते खरं तर हे. पुस्तकातला नियम त्याची नंतर घेतलेली नोंद असते.

हा तृतीयपुरुषी एस मुळात इंग्लंडच्या उत्तरेकडचा. दक्षिणेत त्याच्या जागी थ हा प्रत्यय होता, आणि 1611 साली छापल्या गेलेल्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये सर्रास तोच आहे. बोलण्यात मात्र तोवर एसने बाजी मारत आणली होती. आजही तो सगळ्या इंग्रजीत नाही. भाषाशास्त्रज्ञ पीटर ट्रडगिल यांनी इंग्लंडमधल्या नॉरिच शहराच्या बोलीचा जो अभ्यास 1974 साली प्रसिद्ध केला, त्यात ‘शी सिंग’ म्हणणारे अस्सल इंग्रज भरपूर आहेत. हे लक्षात ठेवलं की एस विसरणाऱ्या आपल्या मुलाकडे जरा ममतेने पाहता येतं. प्रमाण इंग्रजीत तो लागतो, म्हणून शिकायचा. त्याच्याविना अर्थाचं काही अडत नाही.

आता मराठी. इंग्रजी नियम शिकवताना आपण नेहमी म्हणतो, ‘आपल्याकडे असं नाही, म्हणून पोरं चुकतात.’ खरंच नाही का?

तू गातोस. तू गात नाहीस.

स कुठे होता आणि कुठे गेला, पाहिलंत? ‘गातोस’ला लागलेला द्वितीयपुरुषाचा स नकार येताच उठून ‘नाही’ला जाऊन बसला. तू गेलास, तू गेला नाहीस. तू पत्र लिहिलंस, तू पत्र लिहिलं नाहीस. ‘तू गेलास नाहीस’ असं कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही, चार वर्षांचं मूलही नाही, आणि हे कोणत्याही शाळेत शिकवावं लागलेलं नाही. म्हणजे ‘शी डझन्ट सिंग्ज’ जितकं चूक, तितकंच ‘गेलास नाहीस’ चूक, आणि कारण तेच: खूण दोनदा पडली. जो मुलगा इंग्रजीत अडखळतो, तो मराठीत हीच चाल दिवसभर बिनचूक खेळत असतो. वर्गात इंग्रजीचा नियम सांगण्याआधी ही मराठी जोडी फळ्यावर लिहिली, तर निम्मं काम तिथेच होईल असा माझा विश्वास आहे.

मराठीची नजाकत तर याच्याही पुढची. पुरुषाची खूण नाहीकडे गेली, लिंगाचं काय? वर्तमानकाळात ते सरळ नाहीसं होतं. मुलगा असो की मुलगी, गातोस आणि गातेस दोन्हींचा नकार एकच, गात नाहीस. भूतकाळात मात्र लिंग जागचं हलत नाही: तू गेला नाहीस, तू गेली नाहीस. पुरुष निघाला, लिंग मागे राहिलं. एकाच क्रियापदावरच्या दोन खुणा अशा वेगळ्या करून वाटून देणं इंग्रजीला जमणारं नाही, कारण तिच्याकडे वाटण्यासारखं एवढं उरलेलंच नाही. तिच्याकडे एक एस आहे आणि एक भूतकाळ. पण त्या दोन चिमुकल्या गोष्टींवर तिने जो डोलारा उभा केलाय, तो पाहण्यासारखा आहे.

कारण इंग्रजीत पहिल्या जागेला केवळ खूण मिळत नाही, सगळे मानपान तिथेच होतात. नकार हवा? नॉट पहिल्यालाच चिकटणार: इजन्ट, हॅजन्ट, कान्ट, डझन्ट. प्रश्न हवा? पहिल्यानेच उठून कर्त्याच्या अलीकडे जायचं: इज शी, हॅज शी, कॅन शी, डझ शी. उत्तर थोडक्यात द्यायचंय? सगळ्या रांगेच्या वतीने पहिलाच बोलणार: यस, शी इज, नो, शी हॅजन्ट. ‘गाते का?’ला आपण ‘गाते’ असं मुख्य क्रियापदानेच उत्तर देतो. इंग्रजीत ‘सिंग्ज’ एवढंच उत्तर कोणी देत नाही, ‘यस, शी डझ’ म्हणतात. आणि खात्री पटवायची असेल तर आघातही पहिल्यावर. ‘शी सिंग्ज’मध्ये सिंग्जवर जोर दिला तर अर्थ होतो, ती गाते, नाचत नाही. तेच ‘शी डझ सिंग’ म्हणून डझवर जोर दिला की अर्थ होतो, तुम्ही काहीही म्हणा, ती गाते. आपण हे काम ‘गाते की’ किंवा ‘गातेच’ अशा एका अक्षराने करतो. इंग्रजीने त्यासाठी पहिली जागा राखून ठेवली.

साध्या वाक्यात ही जागा रिकामी असते आणि डू लागतो तो ती भरण्यासाठी. सिंग्ज एकटाच असेल तर नॉट कुठे चिकटणार, कर्त्याच्या अलीकडे कोण जाणार? इज आणि हॅज ती कामं करतात, सिंगला ती करता येत नाहीत. मग डूला उभं केलं जातं. इथे त्याला स्वतःचा काडीचाही अर्थ नाही. ‘करणे’ वगैरे काही नाही, तो खूण वाहायला आलेला आहे.

पूर्वी सिंगलाही ती कामं करता येत होती. शेक्सपिअरच्या काळात ‘सिंग्ज शी?’ आणि ‘शी सिंग्ज नॉट’ हे प्रकार ‘डझ शी सिंग?’च्या बरोबरीने नांदत होते. शिवाय त्या काळी साध्या होकारार्थी वाक्यातही, काही जोर द्यायचा नसताना, डू येत असे. आल्वार एलेगॉर्ड या स्वीडिश अभ्यासकाने 1953 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शतकानुशतकांच्या इंग्रजी गद्यातली ही रूपं मोजून डूची वाटचाल दाखवली आहे. प्रश्नांत आणि नकारांत तो चढत गेला, होकारार्थी वाक्यांतून ओसरला. ‘नो’ म्हणजे जाणणे या क्रियापदाने तर फार काळ दाद दिली नाही. ‘आय नो नॉट’ पुष्कळ उशिरापर्यंत तग धरून होतं. ही व्यवस्था कोणी बसून ठरवली नाही. लाखो लोकांच्या बोलण्यातून ती दोन-तीनशे वर्षांत निवळत गेली, आणि निवळल्यावर जे राहिलं त्यात एक कणही वावगा नाही. इंग्रजी भाषेच्या घडणीतलं हे प्रकरण मला तिच्या कुठल्याही महाकाव्याइतकं मोठं वाटतं.

डू किती नेमका आहे ते पाहायचं तर ही जोडी घ्या. ‘हू कॉल्ड यू?’ आणि ‘हू डिड यू कॉल?’ पहिल्याचा अर्थ, तुला कोणी बोलावलं? दुसऱ्याचा, तू कोणाला बोलावलंस? आपल्याकडे कोणी आणि कोणाला हा विभक्तीचा फरक सगळं सांगून टाकतो, शिवाय ‘बोलावलंस’मधला स आहेच. इंग्रजी बोलण्यात हू दोन्हीकडे हूच राहतो. मग कळतं कशावरून? डिड आहे की नाही यावरून. हू स्वतःच कर्ता असेल तर तो आपल्या जागीच बसलेला आहे, कुणाला ओलांडून पुढे यायची गरज नाही, म्हणून डिड नाही आणि भूतकाळ कॉल्डवरच राहतो. हू कर्म असेल तर तो शेवटून निघून पुढे आला, त्याच्यामागे पहिल्या जागेलाही कर्त्याच्या अलीकडे यावं लागलं, म्हणून डिड. जो शब्द निरर्थक, त्याच्या असण्या-नसण्यावर बोलावणारा कोण आणि बोलावलेला कोण हे ठरतं. मला तरी एवढ्या कमी सामग्रीत इतकं काम झालेलं दुसरीकडे दिसलेलं नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की सगळे आपापल्या जागी परततात. ‘व्हेअर डझ शी लिव्ह?’ पण ‘आय डोन्ट नो व्हेअर शी लिव्ज.’ डझ गेला, एस लिव्हवर घरी आला. आपण इथे हमखास ‘आय डोन्ट नो व्हेअर डझ शी लिव्ह’ म्हणतो. कारण मराठीत ‘ती कुठे राहते?’ आणि ‘ती कुठे राहते मला माहीत नाही’ यांत पोटातल्या वाक्याची रचना बदलतच नाही. इंग्रजीला खरा प्रश्न आणि नुसता उल्लेख यांत फरक करायचा असतो, आणि तो ती पुन्हा पहिल्या जागेच्या हालचालीनेच करते.

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाच्या लालभडक पुस्तकातून आपल्या कित्येक पिढ्या हे शिकल्या. त्यातले रेन हे ‘बो जेस्ट’ या 1924 सालच्या गाजलेल्या कादंबरीचे लेखक, आणि त्याआधी मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याच्या नोकरीत होते. त्या पुस्तकाविषयी मला आदर आहे. त्यातले काळांचे तक्ते मात्र चौकटी-चौकटींत तोडलेले असतात. साधा, चालू, पूर्ण, पूर्णचालू. चौकटी पाठ होतात आणि त्यांच्यातून वाहणारी एकच रचना दिसत नाही. ती दिसावी म्हणून एक लांबट वाक्य घेऊ.

द लेटर मस्ट हॅव बीन बीइंग रिटन.

म्हणजे त्या वेळी पत्र लिहिलं जात असलं पाहिजे. रोजच्या बोलण्यात असं वाक्य क्वचित येतं, पण व्याकरण त्याला पूर्ण परवानगी देतं. एकेक शब्द उचलून पाहा. मस्ट पहिला; अंदाज त्याचा. मस्टच्या पुढच्याने मूळ रूपात यायचं असतं, म्हणून हॅव, हॅज नाही. हॅव पुढच्याकडे भूतकालवाचक धातुसाधित मागतो, म्हणून बी चं बीन झालं. हा बी चालूपणाचा, तो पुढच्याकडे आयएनजी मागतो, म्हणून दुसऱ्या बी चं बीइंग झालं. हा दुसरा बी कर्मणीचा, तो पुन्हा धातुसाधित मागतो, म्हणून राइटचं रिटन. प्रत्येक सहाय्यक स्वतःचा ठसा स्वतःवर उमटवत नाही, पुढच्यावर उमटवतो. आणि क्रम अढळ आहे: अंदाज, पूर्णता, चालूपणा, कर्मणी. यांतला कोणताही गाळा, उरलेल्यांचा क्रम तोच राहतो आणि वाक्य बरोबरच असतं. तक्त्यांतल्या त्या सगळ्या चौकटी म्हणजे या एका रांगेतून कोण गैरहजर आहे, याच्या नोंदी आहेत.

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी 1957 साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या शंभरेक पानांच्या पुस्तकात ही सगळी रांग एका ओळीच्या सूत्रात बसवली. सूत्रात हॅव आणि त्याचा प्रत्यय शेजारी-शेजारी, बी आणि आयएनजी शेजारी-शेजारी, आणि मग प्रत्येक प्रत्यय आपल्या पुढच्या शब्दावर उडी घेतो. काळाची खूण सगळ्यांच्या आधी उभी असते, म्हणून तिची उडी पहिल्यावर पडते. मध्ये नॉट आडवा आला, किंवा प्रश्नासाठी खूण कर्त्याच्या अलीकडे गेली, तर तिला उडी घ्यायला शेजारी क्रियापदच मिळत नाही. तेव्हा तिला आधार द्यायला डू येतो. आपल्या दोन वाक्यांचं कोडं इतक्या स्वच्छपणे सुटलेलं वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो चांगली बंदिश उलगडताना होतो त्याच जातीचा होता.

ही रांग आपल्याला परकी नाही, हे मात्र मी चॉम्स्कींकडून शिकलो नाही. ते मराठीनेच दाखवलं. वरचं वाक्य जरा आखूड करू. द लेटर वॉज बीइंग रिटन. मराठीत: पत्र लिहिलं जात होतं. आता इंग्रजी क्रियापदं शेवटून सुरुवातीकडे वाचा. रिटन, बीइंग, वॉज. लिहिलं, जात, होतं. रिटनसमोर लिहिलं, दोन्ही धातुसाधितं. बीइंगसमोर जात, दोन्ही कर्मणीची सहाय्यकं आणि दोन्ही चालू रूपात. वॉजसमोर होतं, दोन्हींवर काळाची खूण. तीनही शब्द जागच्या जागी जुळतात, फक्त दिशा उलटी. आणि नुसते शब्द नाहीत, मागणीही तशीच आहे. ‘जाणे’ला कर्मणीत आपल्या मागच्याकडून ‘लिहिलं’ असंच रूप लागतं, ‘लिहीत’ चालत नाही. ‘होतं’ला चालूपणासाठी ‘जात’च लागतं, ‘गेलं’ म्हटलं की अर्थ पालटतो. इंग्रजीत सहाय्यक पुढच्याला रूप देतो, मराठीत मागच्याला. तिच्याकडे खुणेचा मान पहिल्याला, आपल्याकडे शेवटच्याला. नकार दोघींकडे खुणेपाशीच जातो: वॉजन्ट, नव्हतं. हजारो मैलांवर वाढलेल्या दोन भाषा एकमेकींसमोर आरशात उभ्या राहाव्यात तशा या तीन शब्दांत उभ्या आहेत.

मुख्य क्रियापद आधी की नंतर, ही एक गोष्ट ठरली की बाकीचं बरंचसं त्यामागून येतं. आपल्याकडे कर्म क्रियापदाच्या आधी, त्यांच्याकडे नंतर. आपल्याकडे ‘घरात’, त्यांच्याकडे ‘इन द हाउस’. सहाय्यकांचा उलटा क्रम हा त्याच स्वभावाचा भाग आहे.

थोडं त्या मस्टविषयी. मस्ट, कॅन, मे, शॅल यांना तृतीयपुरुषी एस कधीच लागत नाही. ‘शी कॅन्स’ असं काही नाही. पुस्तकं हा अपवाद म्हणून सांगतात. त्यामागे इतिहास आहे. ही क्रियापदं मुळात जुन्या भूतकाळी रूपांतून आलेली, अर्थाने वर्तमानात सरकलेली. इंग्रजी भूतकाळात तृतीयपुरुषाला वेगळा प्रत्यय नसतो, शी सँगला एस लागत नाही, आणि तो जुना भूतकाळ या चार शब्दांच्या अंगात अजून शिल्लक आहे. अपवाद म्हणून घोकलेली गोष्ट अशी एकाएकी रांगेत येऊन बसते, तेव्हा व्याकरण वाचण्याचं सार्थक होतं.

राहता राहिला तो डझन्टमधला न्ट. तो नॉटचा संक्षेप आहे असं आपण शिकतो. पण ‘डझन्ट शी सिंग?’ पूर्ण करून सांगायचं तर आज ‘डझ नॉट शी सिंग?’ कोणी म्हणत नाही, ‘डझ शी नॉट सिंग?’ म्हणतात. म्हणजे प्रश्नासाठी डझ पुढे गेला तेव्हा सुटा नॉट मागे राहिला, न्ट मात्र अंगाला धरून बरोबर गेला. आर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञांनी 1983 साली एका निबंधात अशा गोष्टी मांडून म्हटलं, की न्ट हा चिकटलेला शब्द उरलेला नाही, तो प्रत्यय झाला आहे. डझन्ट हे डूचं नकारार्थी रूपच. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि मराठी माणसाला ते पटायला जड जाऊ नये. ‘नाही’मध्ये आपल्याला आता न आणि आहे वेगळे ऐकू येत नाहीत. ‘नव्हता’मधून होता सुटा करून दाखवावा लागतो. नाही, नाहीस, नाहीत; नसतो, नसते, नसतात; ही नकाराची स्वतःची चालणारी रूपं आहेत. विल नॉटचं वोन्ट आणि डू नॉटचं डोन्ट होताना मधला स्वर असा बदलतो की नियमाने तो साधता येत नाही, ही रूपं तशीच्या तशी शिकावी लागतात. रूपावलीत असंच होतं.

रूपावली म्हटली की तिच्यात काही घरं रिकामीही असतात. आपल्या ‘नये’ला नयेस आहे, नयेत आहे, पण भूतकाळ नाही. इंग्रजीत ते रिकामं घर आय अ‍ॅम नॉटचं. इजन्ट आहे, अरन्ट आहे, वॉजन्ट आहे, पण प्रमाण इंग्रजीत अ‍ॅमन्ट नाही. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये लोक ते बिनदिक्कत म्हणतात. एन्ट हे रूप एकेकाळी त्या जागेवर हक्क सांगत होतं, त्याला पुढे शाळांनी आणि शिष्टांनी घराबाहेर काढलं. सरळ विधानात आय अ‍ॅम नॉट म्हणून भागतं. पण वाक्याच्या शेवटी ‘ना?’ जोडायचं असलं की पंचाईत होते. आपला ‘ना’ सगळ्या वाक्यांना एकच पुरतो. इंग्रजीला तिथे पुन्हा पहिल्यालाच बोलवावं लागतं, नकारासकट: शी सिंग्ज, डझन्ट शी? दे हॅव गॉन, हॅवन्ट दे? मग ‘मला उशीर झालाय ना?’ कसं म्हणायचं? पहिला आहे अ‍ॅम, आणि त्याचं नकारार्थी रूप रूपावलीत नाही. एवढी काटेकोर भाषा अशा वेळी शेजारच्या घरातून रूप मागून आणते, आणि सुशिक्षितातला सुशिक्षित इंग्रज विचारतो: आयॅम लेट, अरन्ट आय?